बॅटरीवरचं दर्शन

॥ श्री जगदंबा प्रसन्न ॥

पांढरकवडा,
मार्गशीर्ष, रविवार

प्रिय भैरवी,

तुझं दार माझ्या दारासमोर, मधे एवढासा रस्ता, आणि मी तुला पत्र धाडते आहे म्हणजे तुला हसू येईल. हसून घे. फोन केला असता, पण तू तो स्पीकरवर ठेवून भाजी निवडत बसतेस आणि तुझ्या ओट्यावर हल्ली कोण बसलेलं असतं ते मला इथून दिसतं. स्वतः आले असते, तर नवरात्रापासून आपण बोलत नाही हे गल्लीला ठाऊक आहे. साऱ्या खिडक्या उघडल्या असत्या. म्हणून पत्र. एक आधीच सांगून टाकते, मी माफी मागायला लिहीत नाहीये. नाहीतर तू ओळीओळीत तीच शोधत बसशील.

आमच्याकडे सगळं ठीक. हे रिटायर झाल्यापासून घरीच असतात, आणि पुरुषानं रिटायर होऊच नये असं माझं मत होत चाललंय. काल बाजारातून संत्री आणली. स्वतः चाखून आणली म्हणे, आणि सगळी आंबट. आता मुरंबा करावा तर साखर लागते, म्हणून ती मीठ लावून संपवतो आहोत. आमच्या अभिषेकचा हैदराबादहून फोन येतो, बरा आहे. तुळशीच्या लग्नाला या वर्षी तू नव्हतीस, तर मंगलाष्टकं मलाच म्हणावी लागली. माझा आवाज तुला माहीत आहे, समोरून ऐकलाही असशील. हे म्हणाले, "उद्या तुळस वाळली तर मले इचारू नको."

मंगळवारचं बोलल्याशिवाय मात्र मला पुढे जाता येणार नाही. आपण दोघी या गल्लीत एकाच लगनसराईत सुना म्हणून आलो. माझ्या सासूबाई मला कोपऱ्यावरच्या दुकानातही एकटी जाऊ देत नसत, आणि तुझ्या तर तुला गच्चीवर. पण केळापूरच्या जगदंबेला पायी जातो म्हटलं की दोघींनाही नाही म्हणता येत नसे. दहावी दोघींची झालेली, पण ही अक्कल काही शाळेत मिळालेली नव्हती. दर मंगळवारी उजाडायच्या आत निघायचं, दर्शन घ्यायचं, ऊन तापायच्या आधी परत. लोक म्हणायचे, काय भाविक सुना आहेत. भाविक होतोच. पण जाताना देवीचं नाव आणि येताना सासवांचं, हे देवीला आणि आपल्यालाच ठाऊक. माझं पहिलं बाळ गेलं तेव्हा मी घरात रडले नाही. घरात रडायला जागाच नव्हती. त्या रस्त्यावर, तुझ्या शेजारी चालता चालता रडले, आणि तू एक शब्द बोलली नाहीस, फक्त चाल कमी केलीस.

मग तीन वर्षांपूर्वी भाऊजी गेले आणि तू यायचं बंद केलंस. बायकांनी काय काय सांगून ठेवलं होतं तुला. मी किती वेळा म्हटलं, "चल भैरवी, देवी का तुझं कपाळ पाहते?" तू मान हलवायचीस आणि दाराआड व्हायचीस. मी एकटी जायला लागले. तुझ्या नावाच्या प्रदक्षिणा मीच घालायचे, आणि येताना तुझा प्रसाद वेगळ्या पुडीत बांधून आणायचे. तू फाटकात वाट पाहत उभी असायचीस, ओंजळ पुढे करायचीस, प्रसाद डोळ्यांना लावायचीस. खोटं कायले बोलू, त्या ओंजळीची मला सवय झाली होती. माझी वाट पाहणारं घरात कोणी नव्हतं. यांना चहा वेळेवर मिळाला की मी कुठं गेले आणि कुठून आले, सारं सारखंच.

मागल्या वर्षीच्या दिवाळीत तुझा अक्षय पुण्याहून तुझ्यासाठी ती बॅटरीची सायकल घेऊन आला. सारी गल्ली पाहायला जमली. चाकाखाली लिंबू मीच ठेवलं, हळदकुंकू मीच लावलं, नारळही वाढवला, आणि मनात म्हटलं, ही काही वर्षभर टिकत नाही. मनातच कशाला, बोलूनही दाखवलं. बॅटरी म्हणजे शेवटी मोबाईलचीच मोठी बहीण, फुगायची, फुटायची. तू ती देवघराच्या भिंतीला लागून चार्जिंगला लावणार, एखाद्या दिवशी देवासकट उडशील. अक्षय म्हणाला, "काकू, तिचाच चार्जर वापरायचा, उन्हात तापू द्यायची नाही, झालं." मी म्हटलं, पोलीस धरतील, लायसन कुठंय? तो म्हणाला, ही पायडलवाली, हळू चालणारी, हिला लागत नाही. मी म्हटलं, बॅटरी आहे तर पायडल कशाला, शोभेला? त्यावर तो हसला, आणि तूही हसलीस. भाऊजी गेल्यापासून मी तुला हसवायला काय काय केलं होतं, ते आठव. घरी आल्यावर हे म्हणाले, "तुले काहून एवढी काळजी? ना सायकल तुही, ना बॅटरी तुही." मी म्हटलं, मैत्रीण माझी आहे.

पुढल्या मंगळवारी मी नेहमीसारखी निघाले. गावाबाहेर पडून केळापूरच्या रस्त्याला लागले, हातात जपमाळ, आणि बाजूनं काहीतरी गेलं. ना आवाज, ना काही. पदर खोचलेला, पायात बूट, तेही अक्षयचे जुने, आणि वर तू. वळून म्हणालीस, "सुमे, बसतेस का मागं? कॅरिअर मजबूत आहे." मी म्हटलं, तू हो पुढे. आणि तू झालीस. मी अर्ध्या वाटेत होते तेव्हा तू परत फिरून येताना भेटलीस, आणि रस्त्यातच माझ्या हातावर साखरफुटाणे ठेवलेस. मी देवीपर्यंत पोचायच्या आधी देवीचा प्रसाद माझ्या हातात. ओंजळ माझी आणि देणारी तू. मी तो खाल्ला नाही, भैरवी. पदराच्या टोकाला बांधून घरी आणला आणि चिमण्यांना घातला. प्रसाद टाकू नये, म्हणून चिमण्यांना. मी इतकं बोलावलं तर आली नाहीस आणि एका बॅटरीनं बोलावलं तर गेलीस, हे माझ्या घशाखाली उतरत नव्हतं.

मग मी वाट पाहायला लागले, की ही बिघडते कधी. उन्हाळ्यात म्हटलं, पुलाजवळच्या चढावर दम तोडेल. बॅटरीवर माणसाचं वजन चढत नाही, असं मला कोणीतरी सांगितलं होतं. कोणी सांगितलं ते आठवत नाही, बहुतेक मीच. एका मंगळवारी त्या चढाच्या वर कडुलिंबाखाली मुद्दाम बसून राहिले, माळ हातात घेऊन. तू खालून आलीस, पायडल मारत, चढलीस, घाम पुसलास आणि मलाच विचारलंस, "दमलीस का गं? पाणी देऊ?" मग म्हटलं, लाईट बिल येऊ दे, तेव्हा डोळे पांढरे होतील. तुमचं बिल फाटकाला खोचलेलं असतं. आमच्या घरचा आणि भजनी मंडळाचा जमाखर्च मीच ठेवते, बिल वाचायला मला चष्मा लागत नाही. तर ते आमच्यापेक्षा कमी. आमच्याकडे हे दिवसभर टीव्ही लावून झोपतात, आणि वर मला सांगतात, "तुही बॅटरी मात्र कधी उतरत नाही."

पावसाळ्यात वाटलं, आता तरी बसेल घरी. पाण्यात करंट उतरतो हे लहान लेकरालाही कळतं. तू चिंब होऊन माझ्या दारात आलीस, सायकल फाटकाला टेकवलीस आणि प्रसाद घे म्हणालीस. मी आत जाऊन पाट आणला, दारात मांडला आणि त्यावर उभी राहून हात पुढे केला, आठवतं? तू मंडळात सगळ्यांना सांगितलंस, सुमेधाची भक्ती पाहा, प्रसाद घ्यायचा तरी पाटावर उभी राहते. बायकांनी माझ्याकडं कौतुकानं पाहिलं आणि मीही पाहू दिलं. तर खरं असं, की लाकडातून करंट जात नाही. तुझ्या ओल्या अंगात उतरला असेल तर मला लागू नये, म्हणून पाट. हे आत पेपराआड हसत होते. तू गेल्यावर म्हणाले, "पुढच्या खेपेले रबरी चप्पल घाल, हातमोजे घाल, अन् मंग देवीचं नाव घे." तुला काहीच झालं नव्हतं. सायकल तर पावसात धुऊन आणखी चमकायला लागली.

एवढ्यावर भागलं असतं. पण अंगणवाडीतली संगीता तुझी सायकल पाहून गेली आणि बंजाऱ्यांच्या तांड्यावरून यायला-जायला तिनंही तशीच घेतली. आता मंगळवारी दोघी जोडीनं. तुमच्या सायकलींना आवाज नाही, म्हणून मी गल्लीभर सांगत सुटले, की या मुक्या गाड्या एक दिवस कोणाचा तरी जीव घेतील, म्हातारं माणूस बाजूला होणार कसं? त्यात खोटं काही नाही, तू घंटी वाजवत जा. पण माझं दुखणं वेगळं होतं. पूर्वी तुझ्या फाटकाची कडी वाजायची, चपला वाजायच्या, मला आत स्वयंपाकघरात कळायचं, भैरवी निघाली. आता चहा गाळून खिडकीत येईस्तोवर गल्ली मोकळी. तू जातेस कधी ते कळत नाही. ऐकू येतं ते संगीताचं हसणं, ते मात्र कोपऱ्यापासून माझ्या देवघरापर्यंत येतं. एवढं काय सांगते गं ती तुला? विचारायचं नाही असं ठरवलं होतं. आपल्या रस्त्यावर, आपल्या वेळेला, ती काय सांगते आणि तू तिला काय सांगतेस? माझ्या पहिल्या बाळाचं सांगितलंस का? ते नको सांगूस. बाकी माझ्या सासूबाईंचं हवं ते सांग.

नवरात्रात सप्तमीला मंडळात भजन संपलं आणि बायका सायकलीचंच विचारायला लागल्या. मी टाळ पिशवीत भरत होते. कोणीतरी म्हणालं, बसल्या बसल्या पोचता तुम्ही, याच्यात मेहनत काय अन् पुण्य काय? तू म्हणालीस, माझी साखर उतरली, डॉक्टरांनी गोळी अर्धी केली, ते काय बसून? आणि मग म्हणालीस, "पाय माझेच चालतात, बायांनो. मोटर फक्त चढ आला की मागून पाठीला हात लावते. बस, एवढंच." त्यावर मी बोलले. दमल्याशिवाय देवीला काही पोचत नाही, बॅटरीवरचं दर्शन बॅटरीलाच लखलाभ. तुझा चेहरा उतरला, तो मला दिसला. संगीताच तेवढी पुढे झाली. टाळी देऊन म्हणाली, "ताई, आमचे बुढे बैलायच्या पाठीवर मीठ लादून सारा मुलूख फिरले. आमची देवी बी बैलाच्याच पाठीवर. ते पायी कधी चालली नाही, अन् कोण पायी आलं ते तिनं कधी इचारलं नाही." बायका हसल्या. तूही हसलीस, तोंडाला पदर लावून, पण हसलीस. तिचं बोलणं मला लागलं नाही. तिचं काय, तिनं तिच्या मैत्रिणीची बाजू घेतली. तुझं हसणं लागलं. दुसऱ्या दिवसापासून तू माझ्याकडं पाहिलं नाहीस, मी तुझ्याकडं.

सगळ्यांना वाटलं, मी धर्माचं बोलले. यांनाही तसंच वाटतं. तू तरी ओळखशील असं मला वाटलं होतं. अक्षय पोटात होता तेव्हापासून त्या पुलाच्या चढावर तुला धाप लागायची. तू काही न बोलता दोन पावलं पुढे व्हायचीस आणि मी तुझ्या पाठीवर, मणक्याच्या मधोमध, तळहात ठेवायचे. ढकलायचा नाही, नुसता ठेवायचा. तू म्हणायचीस, "बस, एवढाच पुरतो." वर सपाटीला आलो की हात आपोआप निघायचा. अक्षय झाला, मोठा झाला, शिकायला गेला, तरी तो चढ आला की तू पुढे आणि माझा हात तुझ्या पाठीवर. याबद्दल आपण कधी बोललो नाही, बोलण्यासारखं त्यात होतं तरी काय. मंडळात तू मोटरीचं म्हणून जे सांगितलंस ना, ते माझं होतं, भैरवी. साऱ्या बायांपुढे तू ते एका यंत्राच्या नावावर टाकलंस आणि तुझ्या ध्यानातही आलं नाही. माणसानं माणसावर जळावं, ते समजू शकतं. संगीतावर मी जळते ते समजण्यासारखं आहे. पण या वयात, गळ्यात तुळशीची माळ घालून, मी चाकात बसवलेल्या डबीएवढ्या मोटरीवर जळते आहे. देवीपुढे कितीदा उभी राहिले, पण हे तिला सांगायला जीभ रेटली नाही.

आता लिहायचं कारण. बऱ्याच मंगळवारांत मी केळापूरला गेलेले नाही. गल्लीला सांगितलं, सर्दी आहे. सर्दी नाही, गुडघा आहे. कोजागिरीनंतर त्याच चढावर तो असा धरला की कडेच्या दगडावर बसून राहिले, आणि शेवटी यांना फोन करून स्कूटरवर घरी आले, दर्शन न घेता. हे म्हणाले, "चाल ना, देवीपर्यंत नेऊन सोडतो, कोण पाहून राह्यलं?" मी नाही म्हटलं. सप्तमीला सगळ्यांसमोर जे बोलून बसले ते माझ्याच पायात आलं. बॅटरीवरचं पोचत नाही, तर पेट्रोलवरचं कुठून पोचणार? यवतमाळला गुडघ्याचे फोटो काढले. बुधवारी नागपूरला भरती व्हायचं आहे, गुरुवारी ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, पुढे इतकं पायी जाणं होणार नाही, गुडघ्याला सायकल चांगली. यावर हसू नकोस, आणि संगीताला तर सांगूच नकोस.

भरती व्हायच्या आधी देवीची ओटी भरली गेली पाहिजे. यांच्या हाती पत्रासोबत पिशवी देते आहे, तिच्यात खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी सगळं आहे. मंगळवारी घेऊन जा. यांनी पिशवी पाहिली आणि म्हणाले, "ओटी सवाशिणीनं भरायची असते ना? मंग संगीताले दे, ते बी जातेच." रिवाजानं ते बरोबर आहे, आणि आजवर मी एकही रिवाज मोडलेला नाही. सासूबाई असत्या तर त्याही हेच म्हणाल्या असत्या. दोन दिवस मी पिशवी पुढ्यात ठेवून बसले. संगीताचा हात माझ्या नावानं देवीपुढे जाईल हे काही केल्या मला सोसवत नाही, मग त्यासाठी जे मोडायचं ते मोडू दे. तू अजून सभामंडपाच्या खांबाजवळूनच हात जोडून परत येतेस, असं बायका सांगतात. मंगळवारी तसं करू नकोस. पुढे जा, अगदी गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत. कोणी काही विचारलं तर सांग, सुमेधानं धाडलंय, आणि ती आजपर्यंत माझ्याशी बोलत नव्हती. संगीता सोबत आली तर येऊ दे. तिची ओटी तिनं भरावी. माझी तू भर.

अजून तुझीच,
सुमेधा